सर्ज, सेन्सर आणि ग्रुपवरचा तो व्हिडिओ

कोल्हापुरातल्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखानदारांच्या ग्रुपवर आणि इंजिनिअरिंगच्या पोरांच्या स्टेटसवर सध्या एक व्हिडिओ फिरतोय. रात्रीचं टेकऑफ, धडाधड आवाज, इंजिनाच्या पुढून-मागून ज्वाळा. खाली मजकूर असा: इंजिन फुटलं, याला सर्ज म्हणतात; साधा व्हायब्रेशन सेन्सर बसवला की तो आधीच कळतो; तीस वर्षांपूर्वीच यावर उपाय सापडलाय, पण कंपन्या पैसे वाचवतात; पायलटनं लगेच इंजिन बंद करायला हवं होतं; उजळाईवाडीच्या विमानतळावर येणाऱ्या पंख्याच्या (प्रोपेलरच्या) विमानांना ही भीती नाही. रोज मशिनशी झुंजणारी माणसंसुद्धा हे पुढं ढकलतायत, म्हणून हा प्रपंच.

"इंजिन फुटलं" हे बहुतेक वेळा खोटं. कॉम्प्रेसर, म्हणजे इंजिनातला हवा दाबणारा फिरत्या पात्यांचा भाग, हवेला कमी दाबाकडून जास्त दाबाकडं रेटत असतो. हवा पात्यांवर योग्य कोनात येते तोवरच हे जमतं. आत येणारी हवा कमी पडली किंवा पलीकडं, ज्वलनकक्षाच्या बाजूला, दाब फार चढला की कोन बिघडतो आणि हवा पात्याची पाठ सोडते. हा स्टॉल. तो कॉम्प्रेसरभर पसरला की ज्वलनकक्षात कोंडलेली हवा उलटी फिरून पुढच्या तोंडानं बाहेर पडते, सोबत ज्वाळा. न जळालेलं इंधन मागं पेटतं. दाब उतरला की प्रवाह सरळ होतो, मूळ कारण तसंच असेल तर पुन्हा उलटतो. तोच हा धडधडाट, म्हणजे सर्ज. पुष्कळदा एक-दोन दणक्यांत इंजिन सावरतं. सर्ज चालूच राहिला तर मात्र पाती मार खातात, टर्बाइन तापतं. म्हणजे ते निरुपद्रवीही नाही.

आता सेन्सर. इथंच खरी गोम आहे. मोठ्या इंजिनांवर व्हायब्रेशन सेन्सर आधीपासूनच असतो, पण तो शाफ्टचा असमतोल शोधतो आणि त्यासाठी शाफ्टच्या फेऱ्यांशी जुळणारं कंपनच गाळून घेतो. स्टॉलचा पट्टा पात्यांच्या वर्तुळात फिरतो खरा, पण रोटरपेक्षा (शाफ्ट आणि त्यावरच्या पात्यांपेक्षा) सावकाश, पुष्कळदा निम्म्या वेगानं. तो पकडायला रोटरभोवतीच्या कवचावर, केसिंगवर, दाबाचे जलद सेन्सर लागतात. ते बसवले तरी तो किती आधी दिसेल, हे स्टॉल कसा सुरू होतो त्यावर ठरतं. केंब्रिज विद्यापीठातल्या कॅम्प आणि डे या संशोधकांनी १९९८ साली दोन वाटा मांडल्या. एकीत वर्तुळभर पसरलेली लाट हळूहळू मोठी होते, मग थोडी सवड मिळते. दुसरीत पात्याच्या टोकाशी एक छोटा टोकदार अडथळा उठतो आणि मोजक्या फेऱ्यांत पूर्ण स्टॉल होतो. मिनिटाला १२,००० फेरे धरले तर एक फेरा ५ मिलिसेकंदांचा, पाच फेरे २५ मिलिसेकंदांचे. तेवढ्यात ओळखायचं, ठरवायचं आणि व्हॉल्वही हलवायचा!

म्हणून उडणाऱ्या इंजिनातला कॉम्प्युटर बहुधा सर्ज झाल्यावर तो ओळखतो. कॉम्प्रेसरच्या शेवटचा दाब झपकन कोसळला की तो क्षणभर इंधन तोडतो, ब्लीड व्हॉल्व उघडून दाबाची हवा बाहेर सोडतो, इग्निशन चालू करतो. हे सावरणं झालं, भविष्य सांगणं नव्हे.

"उपाय तीस वर्षांपूर्वी सापडला" हे अर्धसत्य. १९८०च्या दशकात एपस्टाइन, फॉक्स विल्यम्स आणि ग्राइट्झर या संशोधकांनी कल्पना मांडली: लाट लहान असतानाच उलट लाट घालून ती विझवायची. १९९३च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीत पडुआनो आणि सहकाऱ्यांनी पुढची पाती झपाट्यानं हलवून, तर केंब्रिजमध्ये डे यांनी हवेचे झोत सोडून प्रयोगशाळेतल्या कमी वेगाच्या कॉम्प्रेसरवर स्टॉल पुढं ढकलून दाखवला. विषय हार्ड होता, काम अस्सल होतं. पण तीच यंत्रणा वेगवान, अनेक टप्प्यांच्या कॉम्प्रेसरवर, उष्णतेत, हजारो तास चालायला हवी. शिवाय तिच्या भरवशावर सर्जच्या काठाशी जायचं आणि सेन्सरच मेला, तर? यात मला कटकारस्थान दिसत नाही, हिशोब दिसतो.

त्यापेक्षा काठापासून लांब राहणं परवडतं. त्यासाठी कोन बदलता येणारी स्टेटर, म्हणजे शाफ्टबरोबर न फिरणारी, पाती (जीईच्या जे७९ इंजिनात ती १९५०च्या दशकातच होती), ब्लीड व्हॉल्व, दोन-तीन वेगवेगळे शाफ्ट. आणि इंधनावर लगाम: थ्रॉटल (इंजिनाचा जोर कमी-जास्त करायचा दांडा) पुढं लोटला की इंधन लगेच वाढतं, जड रोटर मात्र उशिरा वेग धरतो, मधल्या वेळात ज्वलनकक्षातला दाब चढून कॉम्प्रेसर सर्जकडं सरकतो. म्हणून कॉम्प्युटर इंधन मापून देतो. सर्जवरचं रोजचं नियंत्रण हे आहे, आणि ते फॉरवर्डमध्ये नाहीच.

"लगेच इंजिन बंद करा" हा सल्ला सगळ्यात धोक्याचा. रीत अशी की आधी विमान सांभाळायचं, मग त्या इंजिनाचा थ्रॉटल सर्ज थांबेपर्यंत मागं घ्यायचा. ८ जानेवारी १९८९ला इंग्लंडमध्ये केगवर्थजवळ बोइंग ७३७ पडलं. डाव्या जेट इंजिनाच्या तोंडाशी आत असलेल्या पंख्याचं पातं तुटून त्यात सर्ज झाला होता. घाईत बंद केलं गेलं उजवं, चांगलं इंजिन. ४७ माणसं गेली. उलट बाजूही सांगतो. २७ डिसेंबर १९९१ला स्टॉकहोमहून निघालेल्या एसएएसच्या विमानाच्या पंखांवरचा बर्फ इंजिनात गेला. सर्ज सुरू झाल्यावर पायलटनं थ्रॉटल मागं घेतला, पण वैमानिकांना ठाऊकच नसलेल्या एका स्वयंचलित यंत्रणेनं जोर पुन्हा वाढवला. दोन्ही इंजिनं मोडली. विमान शेतात उतरलं, १२९ जण वाचले. कॉम्प्युटर आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी ही घटना नीट वाचावी.

राहिली पंख्याची विमानं. एटीआर ७२च्या पुढं पंखा दिसतो, पण त्यामागचं पीडब्ल्यू१२७ हे गॅस टर्बाइनच आहे, दोन सेंट्रिफ्युगल (हवा बाहेरच्या अंगाला भिरकावून दाबणाऱ्या) कॉम्प्रेसरांचं. सेंट्रिफ्युगललाही सर्ज होतो, म्हणून त्यातही ब्लीड व्हॉल्व असतो. फाउंड्रीवाल्यांना तर हे सांगायलाच नको. मोठ्या सेंट्रिफ्युगल ब्लोअरचा डँपर (हवेची झडप) फार आवळला की ब्लोअर धापा टाकतो, अँमीटरचा काटा मागंपुढं डुलतो, आणि हवेला वाट करून दिली की शांत होतो.