"थोडक्यात राहिलं" म्हणणाऱ्यांसाठी

हिमालयातल्या एका शिखरावरून बडोद्यात परत आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, समिट झालं का, म्हणजे टोकाला पोचलात का? नाही म्हटलं की चेहरा पाडून "अरेरे, थोडक्यात राहिलं हो." आणि जे जरा शिकलेसवरलेले आहेत ते एकदम दुसऱ्या टोकाला, "परत फिरायला जास्त हिंमत लागते, तुम्हीच खरे वीर!" दोन्ही ऐकून कंटाळा आलाय म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. लांब आहे, वेळ असेल तरच वाचा.

गेलो होतो फ्रेंडशिप पीकला. मनालीच्या वर, पीर पंजाल रांगेत, ५२८९ मीटर. सोलांगच्या पुढे धुंडी, मग बकरथाच, मग लेडी लेग कॅम्प, आणि तिथून मध्यरात्री टोकाकडे निघायचं. जाहिरातीत लिहिलेलं "बिगिनर्ससाठी बेस्ट". आता हे बिगिनर्स म्हणजे कोण, तर आम्ही. तयारी काय, पोलो ग्राउंडवर पळणं आणि रविवारी सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून पावागड चढणं. पावागड आठशेएक मीटर, उन्हाळ्यात तिथे घाम निघतो, दम निघतो, सगळं निघतं, पण बर्फ काही निघत नाही ना. क्रॅम्पॉन, म्हणजे बर्फात रुतणारे धातूचे दात, बुटाला बांधायचे कसे, आइस अ‍ॅक्स, म्हणजे बर्फातली कुऱ्हाड, चढाच्या बाजूच्या हातात का धरायची, घसरलो तर पालथं होऊन तिचं टोक बर्फात रुतवून थांबायचं कसं, हे आम्ही एका दुपारी शिकलो. एका दुपारी! उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत किंवा मनालीच्याच सरकारी गिर्यारोहण संस्थेत बेसिक कोर्सला जवळजवळ महिना देतात, उगाच देत नसतील.

तर आदल्या संध्याकाळी जेवताना गाइडने सांगितलं, "नौ बजे जहाँ भी होंगे, वहीं से वापस." आम्ही सगळे हो हो म्हणालो. हो म्हणायला काय जातं, पोटात गरम मॅगी होती आणि नऊ वाजायला पुष्कळ अवकाश होता.

रात्री बर्फ कडक, क्रॅम्पॉनचे दात कचकच रुततात, चालायला मजा येते खरं सांगते. उजाडलं आणि ऊन पडलं तसा सगळा खेळ बदलला. आधी घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत पाय आत जायला लागला, एक पाय उपसून काढायचा की दुसरा जातो. क्रॅम्पॉनखाली ओल्या बर्फाचे गोळे धरतात, मग दात असून नसल्यासारखे, गाइड दर चार पावलांनी अ‍ॅक्सच्या दांड्याने बूट ठोकून ते पाडत होता. आणि तरी हवा एकदम स्वच्छ होती. हनुमान टिब्बा, शेजारचं शिखर, समोर लखलखत होता, कोणाचं डोकं दुखत नव्हतं, कोणी उलटी केली नव्हती, आणि टोक म्हणजे हात लांबवला की लागेल असं.

नऊला आम्ही थांबलो आणि तिथे वाद झाला. भाचा म्हणाला, मावशी, फार तर अर्धा तास. सोबतची एक जण म्हणाली दोन तास. गाइडने वर बघितलं आणि म्हणाला, तीन, आणि उतरताना बर्फ आणखी खराब. एकच चढ, तिघांचे तीन आकडे! बर्फावर ना झाड ना घर, अंतर मोजायला नजरेला काही धरायलाच मिळत नाही, आणि त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण निम्मा, म्हणजे प्राणवायू निम्मा, म्हणजे डोकंही त्याच हिशोबात चालणार. मजा म्हणजे आपलं डोकं मंद झालंय हे ओळखायला तेच डोकं वापरायचं असतं. आमच्यातले एक गुजराती भाई तर बर्फात बसून लीलो चेवडो काढून शांतपणे म्हणत होते, "हवे थोडुंक ज छे ने!" म्हणजे आता थोडंच तर राहिलंय. त्यांचा आवाज ठाम होता, डोळे चमकत होते, कोणीही विश्वास ठेवला असता. मीही पैसे, रजा, तिकिटं सगळं मनात मोजून बसले होते.

गाइडने वाद घातलाच नाही. घड्याळ दाखवलं आणि दोर उलटा बांधायला घेतला. संपलं.

म्हणून ते हिंमत-बिंमत सोडा हो. निर्णय आम्ही वर घेतलाच नाही, तो खाली मॅगी खाताना होऊन गेला होता. आणि माझं म्हणणं एवढंच आहे की नवख्यांना असाच निर्णय झेपतो. "मनाचा कौल घ्या" वगैरे ज्यांनी आयुष्य बर्फात काढलंय त्यांना ठीक. आमच्या मनाला बर्फातलं काय कळतं, ते तर वर जा म्हणूनच ओरडत होतं.

एव्हरेस्टचं उदाहरण घ्या, मे १९९६. स्वीडनचा गोरान क्रॉप, स्वीडनहून सायकल मारत आलेला माणूस, टोक शंभरेक मीटर राहिलं असताना उशीर झाला म्हणून मागे वळला. त्याच्यानंतर आठवड्याभराने, १० मेला, त्याच डोंगरावर दुपारी दोनच्या पुढेही काही जण चढत राहिले, संध्याकाळी वादळ आलं आणि १० आणि ११ मे मिळून आठ जण गेले. त्यात उत्तरेकडून चढणारे आपल्या आयटीबीपीचे, म्हणजे भारत-तिबेट सीमा पोलिसांचे, तिघे होते. क्रॉप २३ मेला पुन्हा गेला आणि टोकाला पोचला. १० मेला चढत राहिलेली ती सगळी तयारीची माणसं होती, काही तर जगातले नावाजलेले गाइड. वेळ ठरवणं सोपं होतं, ती पाळणं त्यांनाही जमलं नाही. मग आम्ही पोलो ग्राउंडवाले कोण?

आणि कोणी म्हणेल, गाइड आहे ना सोबत, काळजी कसली. ऑक्टोबर २०२२, उत्तराखंडातलं द्रौपदी का डांडा शिखर, हिमस्खलन, नेहरू संस्थेच्या शिकाऊ मुलामुलींसह २७ जण गेले, आणखी दोघं बेपत्ता झाले. शिकवणारे सोबत असताना. बर्फाला बॅज दिसत नाही.

राग मला टोकाचा नाहीच, आजूबाजूच्या तमाशाचा आहे. आम्हाला नेणाऱ्या ट्रेक कंपनीच्या ऑफिसातून उतरल्यावर फोन आला तो "मॅडम सर्टिफिकेटवर समिट लिहू का, जवळच गेला होतात ना" असा. आणि इकडे भाच्याच्या मित्रांनी दांडिया बाजारातल्या चौकात लावायला फ्लेक्स आधीच छापून ठेवलेला, फोटोसकट, "शिखर सर केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन." निघायच्या आधी! पोरगं वर उभं राहून अर्धा तास म्हणत होतं त्यातला निम्मा अर्धा तास तो फ्लेक्स होता, हे त्यानेच नंतर कबूल केलं. सध्या त्याने स्कूटर झाकतात.

सप्टेंबरच्या बॅचला जाणाऱ्यांनी पैसे भरायच्या आधी कंपनीला दोनच गोष्टी विचारा, मागे फिरायची वेळ किती वाजताची आणि ती कोण ठरवणार. उत्तरात सक्सेस रेट सांगायला लागले तर दुसरी कंपनी बघा. आणि जाताना घरी ती वेळ सांगून जा, काकू-मावश्यांना पण, म्हणजे परत आल्यावर त्या विचारतील तरी की वेळ पाळलीत का.

आम्ही या रविवारी पावागडला जातोय, माचीपर्यंत जीपने नाही, चांपानेरपासून पायी, सॅकसकट. भाचा येतोय, चेवडेवाले भाई पण येतायत. यायचं असेल तर शनिवारपर्यंत मेसेज टाका.