गच्चीवरचा टॉवर आणि उशाशी राउटर

डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर महिनाभर एकच वाद चालू आहे: गच्चीवरचा मोबाइल टॉवर ठेवायचा की काढायचा. ए विंगच्या मते त्याच्या भाड्यातून लिफ्टची दुरुस्ती निघते, तर बी विंगच्या मते त्याच्यामुळेच सगळ्यांची डोकी दुखतात. मी स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरहून एक सविस्तर टिपण पाठवले. त्यावर 'तिकडे बसून सल्ले देणे सोपे असते' एवढेच उत्तर आले आणि तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. त्यात टॉवरचा काही दोष नाही.

माझे म्हणणे साधे होते. अँटेनाचा झोत बराचसा आडवा जातो, त्यामुळे तिच्या थेट खालच्या, डोक्यावर स्लॅब असलेल्या फ्लॅटपेक्षा समोरच्या इमारतीतल्या तेवढ्याच उंचीवरच्या घरात लहरी अधिक पोहोचू शकतात. शिवाय भारताने २०१२ मध्येच टॉवरची मर्यादा आंतरराष्ट्रीय शिफारशीच्या एक दशांशावर, म्हणजे मोबाइलच्या ९०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी दर चौरस मीटरला ०.४५ वॉटवर आणली. इकडे २००० सालापासून झोपायच्या खोल्या आणि शाळेचे वर्ग यांसाठी त्याच पट्ट्यात एका अँटेना-ठाण्याला मीटरमागे ४ व्होल्टची मर्यादा आहे. ती त्याच मापात सुमारे ०.०४ वॉट भरते. हा आकडा मी ठळक अक्षरांत लिहिला, हे कबूल करतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०११ मध्ये या लहरींना 'कदाचित कर्करोगकारक' या गटात घातले, ते मर्यादित पुराव्यावर. तेवढ्यावरून घाबरायचे कारण नाही, पण घर बांधतानाच काळजी घेणे स्वस्त पडते. आमच्याकडे प्रत्येक खोलीच्या भिंतीत केबलची नळी आहे, टीव्ही आणि कॉम्प्युटर तारेवर चालतात, राउटर दाराजवळच्या कपाटात आहे आणि रात्री अकराला वायफाय आपोआप बंद होते. अंतर दुप्पट केले की मोकळ्या जागेत तीव्रता चौथाईवर येते. हातभरावरचा राउटर चार हातांवर नेला, तर सोळावा हिस्सा उरतो. डोंबिवलीत मात्र फॉल्स सीलिंगमध्ये दिव्यांच्या तीन-तीन रांगा आखून घेणाऱ्यांना भिंतीत एक नळी टाकायचे सुचत नाही.

आमच्या तिहेरी काचांवर धातूचा पातळ लेप आहे आणि त्यामुळे घरात सिग्नल इतका क्षीण होतो की फोन अधिक जोराने लहरी फेकत राहतो, हे मी ग्रुपवर लिहिले नाही. टॉवर काढला, तर बी विंगमधल्या फोनांचेही तेच होईल, हे मात्र आवर्जून लिहिले.

सभेत मला मत नाही, कारण शेअर सर्टिफिकेट आईच्या नावावर आहे आणि ग्रुपमध्येही मी तिच्या आग्रहामुळेच आहे. गेल्या डिसेंबरात गेलो, तेव्हा तिच्या खोलीत व्हिडिओ कॉल नीट लागेना, म्हणून राउटर तिच्या पलंगाच्या डोक्याशी फळीवर मीच ठोकून बसवला. त्यावर आता क्रोशाचा रुमाल असतो.

काल तिला म्हटले, तो बाहेर टीव्हीपाशी हलवून घे.

"मग तू मध्येच अडकतोस, तोंड उघडे ठेवून," ती म्हणाली. "राहू दे तिथेच."