मंगळवाले आले आणि अख्खी अमेरिका पळाली? जरा थांबा

तो फॉरवर्ड परत फिरतोय. '1938 ला अमेरिकेत रेडिओवर मंगळवासीयांच्या हल्ल्याचं नाटक लागलं, लोकांना खरी बातमी वाटली, लाखो लोक घरदार सोडून पळाले, कित्येकांनी जीव दिला.' यातलं नाटक तेवढं खरं, बाकी बरंच फुगवलेलं.

आधी ते 'लाखो'. 30 ऑक्टोबर, रविवार रात्री आठला सीबीएस या रेडिओ नेटवर्कवर नट-दिग्दर्शक ऑर्सन वेल्सचं हे नाटक लागलं, एच. जी. वेल्सच्या कादंबरीवरचं (दोघं नातेवाईक नव्हेत), पण त्याच वेळी दुसऱ्या नेटवर्कवर, एनबीसीवर एडगर बर्गनचा बोलक्या बाहुल्याचा सुपरहिट शो होता आणि पब्लिक तिकडे. त्या रात्री रेटिंगवाल्यांनी 5,000 घरांत फोन करून विचारलं काय ऐकताय, तर जेमतेम 2 टक्के हे नाटक ऐकत होते, आणि बातम्या ऐकतोय असं त्यातलं कुणीच म्हणालं नाही.

मोठा आकडा आला प्रिन्स्टन विद्यापीठातल्या हॅडली कँट्रिल या मानसशास्त्रज्ञाच्या 1940 च्या पुस्तकातून. त्यात घाबरलेले, अस्वस्थ झालेले, नुसते एक्साइट झालेले सगळे एकाच पोत्यात भरलेत, आणि सविस्तर मुलाखती 135, त्याही बहुतेक न्यू जर्सीतल्या, मुद्दाम घाबरलेले शोधून घेतलेल्या. आता बोला.

आत्महत्या? एकही सिद्ध झालेली नाही.

'लोक येडे होते' हे तर मला अजिबात पटत नाही. महिनाभर आधीच म्युनिकचं प्रकरण (हिटलरला चेकोस्लोव्हाकियाचा तुकडा देणारा करार) झालेलं, रेडिओवर गाणी थांबवून युद्धाच्या बातम्या यायच्या आणि नाटकातही तसंच गाणं मध्येच तोडून बातमी येते. उशिरा रेडिओ लावला त्यांची 'हे नाटक आहे' ही सुरुवातीची घोषणा हुकली, आणि जे घाबरले त्यातल्या बऱ्याच जणांना जर्मनांचा हल्ला वाटला, मंगळ डोक्यातही नव्हता. पोलिसांना, पेपरांना फोन खूप गेले हे खरंय, पण फोन करून खात्री करणं म्हणजे पळापळ नव्हे ना.

मग बोंब कुणी मारली? पेपरांनी. रेडिओ त्यांच्या जाहिराती खात होता, त्यामुळे दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्क टाइम्ससकट सगळ्यांच्या पहिल्या पानावर 'पॅनिक'. ऑर्सन वेल्सचं नुकसान काहीच झालं नाही, उलट बिनस्पॉन्सरच्या शोला कँपबेल सूप कंपनी स्पॉन्सर मिळाली.

खरी दंगल बघायचीय तर 1949 चं किटो, इक्वेडोर. तिथे याच कथेचं नाटक रेडिओवर झालं, खोटं आहे कळल्यावर चिडलेल्या लोकांनी स्टेशनची बिल्डिंग पेटवली, माणसं मेली. आणि ती बिल्डिंग 'एल कोमेर्सिओ' या पेपरचीच होती.