प्रवाळांचं सुतक

सोलापुरात नळाला पाणी काही रोज येत नाही, आणि मी घरात समुद्र ठेवलाय, काचेच्या टाकीत. आरओचं पाणी, त्यात समुद्री मीठ, लिटरला साधारण ३५ ग्रॅम. आरओतून वाया जाणारं पाणी आई फरशी पुसायला वापरते, पण माझ्याकडं बघायची तिची नजर त्यानं काही निवळत नाही.

त्यात नवीन प्रवाळ घरी येणं म्हणजे वेगळंच प्रकरण. दगडासारखा सांगाडा बांधणारे प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, त्यांच्या वाटेला जायचंच नाही. माझे आपले मऊ झोआंथिड, शर्टाच्या बटणाएवढे, झालरवाले. पण ते कधी एकटे येत नाहीत. सोबत न्यूडिब्रँक असतात, म्हणजे कवच टाकून दिलेल्या गोगलगायी. ज्याचं खायचं त्याचाच रंग अंगावर घ्यायचा, असा त्यांचा बाणा. दिवसा दिसत नाहीत. रात्री टॉर्च घेऊन बसावं लागतं.

म्हणून आधी डिप, म्हणजे औषधाच्या पाण्यात बुडवणं. हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, कारण काही झोआंथिडांत पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं. मला त्या अवतारात बघून शेजारचे काका गॅलरीतून ओरडले, "काय बे, कोरोना परत आला का काय?" टाकीच्याच तापमानाच्या खाऱ्या पाण्यात आयोडीन, दहाएक मिनिटं, वरून सिरिंजनं फवारे. तळाशी चपटे कृमी पडतात, आणि अँफिपॉड नावाचे कोळंबीसारखे बारके जीवही. ते बिचारे निरुपद्रवी, पण गुन्हेगार कोण अन् साक्षीदार कोण, हे डिपला कळत नाही.

डिपचा दिमाख इथंच संपतो. न्यूडिब्रँकच्या अंड्यांचं तो काही वाकडं करत नाही. बुडाशी चिकटलेली ती वेटोळी जुन्या टूथब्रशनं खरवडायची. मी तर प्रवाळ ज्यावर चिकटून येतो ती जुनी चकतीच फेकतो. तरी एखादं राहतंच. म्हणून वेगळी टाकी, आठवड्यानं पुन्हा डिप. शिवाय माशांना पांढरे ठिपके आणणाऱ्या परजीवीच्या गाठी चकतीवरून येतात, त्यासाठी जाणकार ७६ दिवस सांगतात, तेही टाकीत एकही मासा न ठेवता.

आईला हे सांगितलं. "दहा दिवसांत माणसाचं सुतक फिटतं, आणि या बटणांना शहात्तर?"

मे महिन्यात पारा बेचाळिशीच्या पुढं. घरातला चांगला पंखा वेगळ्या टाकीवर. वाऱ्यानं पाणी उडतं, मीठ मागं राहतं, म्हणून रोज गोडं पाणी वाढायचं. आम्ही पुठ्ठ्यानं वारा घेतो.

परवा काका आत येऊन टाकीपुढं बसले. "टाकी हाय, दिवा हाय, पंखा हाय. मासा कुठाय?"

"मासा ठेवायचाच नाही."

"मग राखण कशाची करतो बे?"

"किड्याची. येतो का बघतोय."

"आन् आला तर?"

"परत पहिल्या दिवसापासून मोजायचं."

काका बराच वेळ गप्प बसले. जाताना शेंगाचटणीचा डबा त्यांनी आईच्या हातात दिला आणि म्हणाले, "वहिनी, काही लागलं तर हाक मारा."