कल्ला चुकला, कबूल. रेडिओ नाही!

नमस्कार भाऊ,

आमच्या सलूनला तुम्ही दिलेले दोन स्टार पोचले. दुकान बंद करताना मुलीने मला दोनदा वाचून दाखवलं, कारण पहिल्यांदा मला हसू आवरेना. बाकीच्या गिऱ्हाइकांसाठी तुमची तक्रार थोडक्यात सांगतो: गणपतीच्या आधीच्या रविवारी पन्नास मिनिटं बसवून ठेवलं. रेडिओवर आजोबांच्या काळातली गाणी. बदला म्हटलं तर मालक म्हणाले, "अंतरा संपू दे." मोबाइलचा आवाज बंद करायला लावला. फोटो दाखवूनही तसा कट झाला नाही. डावा कल्ला वर गेला. बाहेर गोंगाट. चहाचं विचारलं, चहा आलाच नाही.

आधी कल्ल्याचं, कारण ते खरं आहे. तुम्ही टाकलेल्या फोटोत डावा कल्ला उजव्यापेक्षा चांगला दोन सूत वर दिसतोय. त्या वेळी बाहेर मंडळाच्या पोरांनी "हॅलो, हॅलो, माइक चेक" सुरू केलं आणि तुम्ही मान वळवलीत, हेही खरं. पण मान धरणं हे न्हाव्याचं काम, गिऱ्हाइकाचं नाही. चूक माझी. एक कल्ला बाहेर होता, दुसरा तुमच्या कानापाशी, आणि मी दोन्ही आवरू शकलो नाही.

पन्नास मिनिटांचं म्हणाल, तर लालबागमध्ये तो रविवार कसा असतो ते ठाऊक असूनही तुम्ही आलात याचं मला कौतुक वाटतं. श्रावणभर अर्धी चाळ दाढीला हात लावत नाही. महिनाभर मी माश्या मारतो, आणि मग सगळ्यांना एकाच सकाळी बाप्पासमोर गुळगुळीत व्हायचं असतं. त्यात माझा एक कारागीर कणकवलीला गेला. कोकणातला माणूस गणपतीला गावी निघाला की त्याला थांबवायची हिंमत त्याच्या बायकोतही नसते, मी तर नुसता मालक.

आता रेडिओ. माझ्या दुकानात विविध भारती लागते. ती सुरू झाली 3 ऑक्टोबर 1957ला, म्हणजे तुमच्या आजोबांच्या काळातली हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण "गाणं बदला" हे मला सांगून काय उपयोग? त्यांचं ऑफिस बोरिवलीला. करी रोडहून निघायचं, दादरला गाडी बदलायची. पूर्वी झारखंडातल्या झुमरीतलैया गावचे लोक रेडिओला पोस्टकार्डं टाकून गाण्यांची फर्माइश करायचे आणि थांबायचे. तुम्हाला तीन मिनिटं धीर निघेना.

यामागे धंद्याचं एक गणित आहे, ते तुम्हाला खुर्चीत बसून दिसत नाही. 2016 साली एक मराठी गाणं आलं. नाव घेत नाही, पण वरातीतला घोडासुद्धा ज्यावर थांबला नाही तेच. त्या वर्षी दुकानात स्पीकर होता आणि पोरं तेच लावायची. एकाच्या गळ्यावर वस्तरा होता, साबणाचा फेस हनुवटीपर्यंत, आणि ढोल सुरू झाल्याबरोबर त्याचा पाय पायदानावर, मग गुडघा, मग खांदा. माणूस नाचायला गुडघ्यापासून सुरुवात करतो आणि तो हादरा कानाच्या पाळीपर्यंत पोचायला एक सेकंद लागतो, हे मी त्या दिवशी शिकलो. तुरटी फिरवली, पट्टी लावली, पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून वस्तरा उघडा असताना ढोलकी बंद. जुनी गाणी लागली की माणूस डोळे मिटतो, मान आपोआप सैल पडते. गालावर ब्लेड फिरवायला याहून चांगलं काही नाही. केस धुताना मात्र काय हवं ते लावा.

मोबाइलचं. मी ओरडलो नाही, "आवाज" एवढंच म्हणालो. तुमचं रील पंधरा सेकंदांचं. तुम्ही ते बघत होता, मी मात्र ऐकत होतो. एकाच गाण्याची एकच ओळ, संपली की परत तीच. शेजारच्या खुर्चीवर दुसरे एक काका फोन स्पीकरवर ठेवून पुतण्याशी फ्लॅटच्या व्यवहाराचं बोलत होते, त्यांनाही मी तेच म्हणालो. ते गप्प झाले, पण त्यांनी स्टार कापले नाहीत. हल्ली लोकलमध्ये, बँकेच्या रांगेत, दवाखान्याच्या बाकड्यावर, जिथे जाल तिथे अर्धं गाणं. मुखडा आहे पण अंतरा नाही. लग्नाला जाऊन फक्त अक्षता टाकायच्या आणि जेवायच्या आधीच निघायचं, तसं वाटतं मला. म्हणून "अंतरा संपू दे" म्हणालो. त्याबद्दल माफी मागणार नाही.

राहिला फोटो. तुम्ही कोरियन गायकाचा फोटो आणलात. फोटोला माझी ना नाही. दुकान वडिलांचं. गिरण्या चालू होत्या तेव्हा पाळी सुटली की कामगार यायचे, कंगवा फिरवला की केसांतून कापसाचे तंतू निघायचे, आणि त्यांनाही अमिताभसारखे कानावर आलेले केस हवे असायचे. 1982चा संप झाला आणि कटिंग उधारीवर गेली, फर्माइशी मात्र थांबल्या नाहीत. माझ्या हातातून 2003ला सलमानचा "तेरे नाम"मधला मधोमध भांग गेला. त्या वर्षी पोरांच्या आया सोबत यायच्या, फक्त मला दटावायला. 2006ला लाहोरमध्ये मुशर्रफ यांनी धोनीला सांगितलं की केस कापू नकोस, तर आमच्या गल्लीतली पोरं आईला थेट पाकिस्तानच्या राष्ट्राध्यक्षांचा दाखला द्यायची. पुढच्या वर्षी टी-ट्वेंटी वर्ल्ड कप जिंकून धोनीने स्वतःच कापले आणि दाखला गेला. 2008 संपता संपता "गजनी" आला, डोक्यावर मशीनने रेघ मारून हवी. एकाला मारून दिली, दुसऱ्या दिवशी शाळेने त्याला घरी पाठवलं आणि घरच्यांनी माझ्याकडे.

तेव्हा फोटो बघून मी घाबरत नाही. मी बघतो केस. त्या गायकाचे केस सरळ, कपाळावर पडद्यासारखे पडतात. तुमचे कुरळे, दाट, आणि पुढे उजवीकडे भोवरा. भाद्रपदातली आपली दमट हवा. तसा कट मारून, ड्रायरने ओढून बसवून तुम्हाला पाठवलं असतं, तर आरशात तुम्ही खूश झाला असता. चिंचपोकळीच्या पुलापर्यंत पोचेस्तोवर तो पडदा वर गेला असता आणि मग तुम्ही एकच स्टार दिला असता. म्हणून बाजू बारीक आणि वर लांबी ठेवली. हे कापताना तुम्हाला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं, गर्दी होती.

गोंगाटासाठी स्टार कापलात ते मात्र मंडळाकडून वसूल करा. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, हा नियम 2000 सालापासून आहे, पण सकाळी अकराला "माइक चेक"वर माझा काय इलाज? त्याच पोरांची कटिंग मी करतो.

चहा खरंच सांगितला होता. चहावाल्या पोराने "आलोच" म्हटलं. ते त्याने सोमवारसाठी म्हटलं असावं.

तर असं करा. डावा कल्ला काही खाली ओढता येणार नाही, केस महिन्याला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. विसर्जन झालं की आठवडाभर थांबा आणि सकाळी दहाच्या आत या. दोन्ही कल्ले एका रेषेत आणून देतो, पैसे नाहीत. तोवर कारागीरही कणकवलीहून परतलेला असेल. रील आणलंत तर इअरफोन आणा. आणि सोमवारी येऊ नका, दुकान बंद असतं.