खोली नंबर ११

मागच्या रविवारी चाकणला मामांकडे गेलो होतो. जेवणं झाली, सुपारी कातरून झाली, आणि मामांनी भाड्याची वही काढली. लांबट, दोनशे पानी. एका बाजूला खोली नंबर आणि नाव, दुसऱ्या बाजूला भाडं आणि सबमीटरचं रीडिंग. हिशेब लावता लावता मामा म्हणाले, "हे बाहेरचे लोक फार झालेत रे. आपल्या पोरांना घर घ्यायची सोय राहिली नाही."

मी वहीत डोकावलो. चौदा खोल्या. नऊ बिहार-यूपीवाल्यांच्या, दोन ओडिशातल्यांच्या, तीन नांदेड-यवतमाळच्या पोरांच्या. महिन्याला साठ हजारांच्या वर जमतात. मामांच्या धाकट्याच्या मोशीतल्या फ्लॅटचा हप्ता यातूनच जातो.

मामी माझ्याकडे बघून हसली. तिथे मी काही बोललो नाही, म्हणून इथे लिहितोय. (मामा फेसबुकवर नाहीत.)

'परप्रांतीयांमुळे घरं महागली' हे वाक्य गेली काही वर्षं मी रिक्षात, लग्नात, सोसायटीच्या सभेत ऐकतोय. ते साफ खोटं नाही. पण ज्या घराबद्दल आपण ते बोलतो, त्या घराला ते लागू पडत नाही.

२०११ च्या जनगणनेत देशातले स्थलांतरित सुमारे ४५ कोटी होते. टीव्हीवर घाबरवायला हा आकडा झकास आहे. पण जनगणनेच्या हिशेबात लग्न करून शेजारच्या गावी गेलेली माझी आईसुद्धा स्थलांतरित. राज्याची वेस ओलांडून आलेले साधारण साडेपाच कोटी, म्हणजे आठातला एक. त्यातले सगळ्यात जास्त आपल्याकडे, ९० लाखांच्या आसपास. हे आकडेही आता जुने झाले. २०२१ ची जनगणना लांबत लांबत २०२७ वर गेली आहे.

मधल्या काळात, डिसेंबर २०२४ मध्ये, पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेने एक अंदाज मांडला. रेल्वेच्या अनारक्षित तिकिटांवरून, मोबाइलच्या रोमिंगवरून वगैरे. त्यात २०२३ चे स्थलांतरित ४० कोटी निघाले, म्हणजे २०११ पेक्षा जवळपास १२ टक्के कमी. गावाकडे रस्ता, वीज, शाळा, थोडंफार काम आलं की माणूस घर सोडायला दहादा विचार करतो, असं त्यांचं म्हणणं. संध्याकाळी सहाला शिफ्ट सुटताना चाकण चौकात उभं राहून हे कुणाला पटणार नाही, हे मान्य. पण अंदाज थोडासा जरी बरोबर असला, तरी मामांनी आणि मी विचारात पडायला हवं. का ते पुढे सांगतो.

आधी अकरा नंबरची खोली बघू. दहा बाय दहा, वर पत्रा, बाहेर कॉमन संडास. पाच जण राहतात, दोघे रात्रपाळीचे, त्यामुळे झोपायला जागा पुरते. त्यातला एक सिवान जिल्ह्यातला. मला मोबाइलवर फोटो दाखवत होता : गावी घर बांधतोय, भिंती लिंटेलपर्यंत आल्यात, स्लॅब छठपूजेच्या आधी टाकायचाय. या माणसाने मोशीत किंवा चिखलीत फ्लॅटची चौकशीसुद्धा कधी केलेली नाही. त्याची वीट सिवानला लागते आणि भाडं चाकणला भरलं जातं.

आपल्याला हे अनोळखी वाटायला नको. गिरणगावात कोकणातला चाकरमानी हेच करत होता. गावमंडळाच्या खोलीत वळकटी टाकायची, खानावळीत जेवायचं आणि मनिऑर्डरवर गावचं घर उभं करायचं. त्यातल्या किती घरांना आज कुलूप आहे, ते गणपतीत जाणाऱ्यांना विचारा. मुंबईत तो फार तर भाडेकरू झाला.

म्हणजे कामगाराचा भार येतो तो भाड्यावर, तोही सगळ्यात खालच्या थरातल्या. आणि भाडं लगेच हलतं. कारखान्याने तीनशे माणसं घेतली की दोन महिन्यांत आसपासच्या खोल्या महागतात. नवी इमारत उभी राहायला तीन-चार वर्षं लागतात, आणि ती उभी राहते तेव्हा त्यात या तीनशेंसाठी काहीच नसतं.

आयटीवाल्यांची गोष्ट वेगळी, तेही सांगायला हवं. लखनौ, इंदूर, भुवनेश्वरहून आलेला इंजिनिअर आधी वाकडला टू बीएचके भाड्याने घेतो. लग्न होतं, पोर शाळेत जातं, मग तो फ्लॅट बुक करतो. हिंजवडीच्या आसपास भाव चढले त्यात त्याचा वाटा आहेच. पण त्याच्याइतकाच माझ्यासारख्यांचाही आहे. मी राहायला एक घर असताना वाकडला दुसरं घेतलं. भाडं येतं ते किमतीच्या तीन टक्केसुद्धा भरत नाही आणि कर्ज साडेआठ टक्क्यांचं. हा व्यवहार कुठल्याच हिशेबात बसत नाही, फक्त 'भाव वाढणारच' या एका भरवशावर बसतो. तो भाव वाढवणारा मी, आणि सोसायटीच्या सभेत बोट परप्रांतीयांकडे.

सभेवरून आठवलं. आमच्या सोसायटीने 'बॅचलर नको' असा ठराव केला. तीन फ्लॅट चार-चार महिने रिकामे पडले. ती पोरं गेली कुठे? पलीकडच्या गल्लीत, कॉट बेसिसवर. एका टू बीएचकेत आठ कॉट, आणि मालकाला कुटुंबाकडून मिळालं असतं त्याच्या दीडपट भाडं. ते बघून शेजारच्या मालकाने आपल्या भाडेकरू कुटुंबाला दार दाखवलं. आता सांगा, भाडं कुणी वाढवलं?

रिकाम्या घरांचा मोठा आकडाही याच जनगणनेतला : २०११ मध्ये शहरांत १ कोटी १० लाखांवर घरं बंद. त्याच सुमाराला सरकारी तज्ज्ञगटाने शहरांत १ कोटी ८८ लाख घरं कमी पडतात असं म्हटलं, आणि त्यातली ९५ टक्क्यांहून जास्त गरज गरीब आणि अल्प उत्पन्नवाल्यांची. बंद घर एकाचं, गरज दुसऱ्याची.

मालक कुलूप का लावतो? भाडेकरू उठणार नाही ही भीती. १९४७ च्या भाडे कायद्याने मुंबईत भाडी गोठली आणि पागडी जन्मली, म्हणजे आधी एकरकमी पैसे मोजायचे आणि मग नाममात्र भाड्यात राहायचं. १९९९ च्या कायद्याने लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीपुरतं घर वापरायला देण्याच्या कराराचा, रस्ता सोपा केला, मुदत संपल्यावर घर परत मिळायची सोय केली. पण वडिलांच्या पिढीची भीती अजून अकरा महिन्यांच्या कराराआड दबा धरून बसलीय.

आणि मुद्दाम भाड्यासाठी घर बांधणं तर आपण विसरूनच गेलो. १९२० च्या दशकात सरकारने मुंबईत बीडीडी चाळी बांधल्या. खोल्या १६० चौरस फुटांच्या, पण भाड्याच्या. पुढे हळूहळू आपलं बहुतेक घरधोरण 'मालकीचं घर' या दोन शब्दांभोवती फिरतंय. २०२० मध्ये मजूर पायी निघालेले बघून केंद्राने भाड्याच्या घरांची योजना आणली, सरकारी पैशाने बांधून पडून असलेली लाखभर घरं त्यांना द्यायचं ठरलं. त्यातली फार थोडीच प्रत्यक्षात भाड्याने गेली.

त्या वर्षी मामांच्या चौदापैकी अकरा खोल्या रिकाम्या झाल्या होत्या. माझा वाकडचा फ्लॅट सात महिने बंद होता आणि हप्ता मात्र दर पाच तारखेला कापला जात होता. तेव्हा मामा रोज फोन करून विचारायचे, "गाड्या कधी सुरू होणार रे? हे लोक परत कधी येणार?"

त्या दिवशी निघताना अकरा नंबरवाला अंगणात भेटला. म्हणाला, धाकट्या भावालाही इकडे आणणार होतो, पण त्याला गावाजवळच काम मिळालं, आता तो यायचा नाही. पलीकडे गोठा होता तिथे मामांनी आणखी सहा खोल्यांचं जोतं घातलंय. कर्ज काढून.