निळ्या पासपोर्टाचे इंग्रजी मास्तर

स्टीफन हिस्लॉप नावाचा मिशनरी १८४५ मध्ये स्कॉटलंडहून नागपुरात आला, तेव्हा भोसल्यांच्या दरबाराने त्याच्याकडे डेमो लेक्चर मागितलं असेल असं वाटत नाही. पोलीस क्लिअरन्स नाही, पदवीवर शिक्के नाहीत. माणसाने शाळा काढली, पुढे १८८३ मध्ये त्याच्या नावाचं कॉलेज उभं राहिलं, आणि तिथे, नाहीतर त्याच्या आसपास कुठेतरी, तुम्ही इंग्रजीत एमए झालात. आता तुम्हाला उलट दिशेने जायचंय. कोरिया, थायलंड, व्हिएतनाम, जिथे जमेल तिथे इंग्रजी शिकवायचं, चार पैसे जोडायचे, जग बघायचं. उत्तम विचार आहे राजेहो. फक्त सांगतो तसं करा.

सगळ्यात आधी पासपोर्ट काढून नीट बघा. निळा आहे ना? अमेरिकेचाही निळा, ऑस्ट्रेलियाचाही निळा, ब्रिटनचा तर २०२० पासून परत निळा झालाय. रंगावर मात्र भुलू नका. कोरियाचा इंग्रजी शिक्षकांचा ई-२ व्हिसा सात देशांच्या नागरिकांसाठी आहे: अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. दक्षिण आफ्रिकेत बारा अधिकृत भाषा आहेत आणि इंग्रजी त्यातली एक. ‘आमच्याकडेही सरकारी कारभार इंग्रजीतच चालतो, हायकोर्टाचे निकाल इंग्रजीत येतात’ असा युक्तिवाद कोरियाच्या कॉन्सुलेटच्या खिडकीवर करू नका. तो सिव्हिल लाइन्सच्या खंडपीठासमोर करा, निदान तारीख तरी मिळेल. अगदीच दार बंद आहे असंही नाही. २०१० मध्ये लागू झालेल्या भारत-कोरिया व्यापार करारात भारतीयांसाठी एक फट ठेवली आहे: सरकारी शाळेत, शिक्षकाचा परवाना असेल तर, मदतनीस म्हणून. म्हणजे वाक्य गोरे सर बोलणार आणि फळा तुम्ही पुसणार. पुसायला शिका.

थायलंड त्या मानाने उदार. तिथे तुम्हाला इंग्रजी येतं हे मानायला लोक तयार असतात, तुम्ही तसं सिद्ध केलं तर. टोइक नावाच्या परीक्षेत ९९० पैकी साधारण ६०० गुण आणा, म्हणजे झालं. शेजारच्या खुर्चीवरचा इंग्लंडातल्या लीड्सचा पोरगा ही परीक्षा देणार नाही. त्याच्यावर चिडू नका. त्याने जन्म घेताना घेतलेली मेहनत तुम्हाला दिसत नाही.

इंग्रजी शिकवण्याचं सर्टिफिकेट घ्याच. ऑनलाइन टेफल नावाचं स्वस्त मिळतं, कोर्स १२० तासांचा असतो आणि शनिवार-रविवारात उरकतो. हे गणित कसं जमतं ते विचारायचं नसतं. सेल्टा नावाचं दुसरं आहे ते महाग, महिनाभर घाम काढतात, आणि त्यात सहा तास खऱ्या माणसांना खरंच शिकवावं लागतं. एवढ्या खर्चात धरमपेठेत एखाद्याच्या साखरपुड्याला जेवण घालता येईल, आणि पाहुणे तरी खूश होतील. डिग्रीवर आधी राज्य सरकारचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारा शिक्का, मग त्या त्या देशाच्या मागण्या. एजंट म्हणेल, ‘टूरिस्ट व्हिसावर जा, तिथे गेल्यावर बघू.’ त्याला विचारा, बघणार कोण? कारण पोलीस आले की तो नसतो. घरी बसून चिनी पोरांना ऑनलाइन शिकवायचं म्हणत असाल, तर तो धंदा चीनने जुलै २०२१ मध्येच गुंडाळला.

आता वर्गात. तुम्हाला व्याकरण येतं हीच तुमची खरी अडचण आहे. आठवीपासून लाल जिल्दीच्या पुस्तकातून बारा काळ घोकलेत, पॅसिव्ह व्हॉइस झोपेत करता येतो. विद्यार्थी विचारेल, ‘सर, इन द मॉर्निंग, पण ॲट नाइट का?’ लीड्सचा पोरगा खांदे उडवून सांगेल, ‘असंच म्हणतात.’ वर्ग भारावून जाईल: बघा, याच्या रक्तातच भाषा आहे! तुम्ही तेच उत्तर दिलंत की संध्याकाळी एखाद्या पालकाचा मेसेज येईल, सरांना नीट येत नाही वाटतं. म्हणून तुम्ही कारण द्या, उदाहरणं द्या, अपवाद द्या, फळा भरा. मग मेसेज येईल, सर फार व्याकरण घेतात. तुमचं अज्ञान हे अज्ञान आणि त्याचं अज्ञान म्हणजे भाषेची जाण, ही या धंद्यातली पहिली शिकवणी, आणि तिची फी तुम्हीच भरायची असते.

एक मात्र खरं, आणि हे गमतीत सांगत नाही: जो स्वतः रडतकढत भाषा शिकलाय त्याला पोरगं कुठे अडखळणार ते आधीच कळतं. पण हे मुलाखतीत बोलू नका. मुलाखतीत फोटो मागतात, फोटो द्या.

लहान मुलांचे वर्ग मिळतील. चार वर्षांची वीस पोरं, हातात केळ्याचं फ्लॅशकार्ड, आणि तुम्ही बेडकासारख्या उड्या मारताय. घरी मात्र ‘फॅकल्टी’ म्हणूनच सांगा. आई नागपुरात, महाल भागात सगळ्यांना प्रोफेसर म्हणून सांगून राहिली आहे, तिला कशाला खाली पाहायला लावता? उच्चारही सुधारा. जीभ इतकी वळवा की कॅनडाचे म्हणून खपाल. टोरांटोत हिवाळा कसा असतो एवढं वाचून ठेवा, लोक तेच विचारतात.

दोनेक वर्षांनी परत याल. आता तुमचे दिवस. लक्ष्मीनगरात गाळा घ्या, बोर्डावर ‘फॉरेन रिटर्न्ड फॅकल्टी’ लिहा, बाजूला तुमचा विमानतळावरचा फोटो. दसऱ्याला पहिली बॅच सुरू करा, फी दुप्पट ठेवा, कमी ठेवली तर पालकांना शंका येते. बॅच भरल्या की हाताखाली माणूस लागेल. गडचिरोलीचा एक मुलगा येईल. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेला, इंग्रजीत एमए, डेमोत पोरांना असं शिकवेल की मागच्या बाकावरचेही वही काढतील. तुम्ही मान डोलवा. त्याच्यासाठी चहा मागवा. आणि मग, जरा आवाज खाली आणून म्हणा, ‘शिकवता छान हो तुम्ही. पण आमच्याकडचे पालक कसे आहेत... उच्चार जरा गावाकडचा वाटतो. बायोडेटा ठेवून जा, कळवतो. आणि हो, एक फोटो पण लावा.’